लाळेमुळे मुलांचे दात किडतात का? उष्ट्या चमच्याच्या आरोपीचे उत्तर

आपण दोन गोष्टी विचारल्या आहेत: आजीने स्वतःच्या तोंडातला चमचा बाळाला लावला तर त्या लाळेतून बाळाच्या दातांना कीड लागते का, आणि बाळाची लाळच ‘खराब’ आहे की काय हे तपासून घ्यावे का. पहिल्या प्रश्नावर मी अधिकाराने लिहू शकते, कारण याच चमच्यावरून आमच्या घरात दोन वर्षे तुटक बोलणे चालले होते आणि आरोपीच्या पिंजऱ्यात मी उभी होते.

नातू अडीच वर्षांचा असताना त्याच्या वरच्या समोरच्या चार दातांवर हिरडीलगत तपकिरी कडा दिसू लागल्या आणि एके दिवशी त्यांतल्या एकाचा टवका उडाला. सूनबाईंनी त्याच रात्री बरेच वाचून काढले आणि सकाळी मला सुनावले, “आई, तुम्ही घास गरम आहे का ते चाखून त्याच चमच्याने भरवता, त्यातून जंतू गेले.” मुलगा वर्तमानपत्रात डोके घालून बसला होता, त्याने पानही उलटले नाही. मी आयुष्यभर शाळेत शास्त्र शिकवले आहे. जंतू म्हणजे काय हे मला घरातल्या घरात शिकवले जावे, याचा राग चुकीचा असेल, पण आला खरा.

दंतवैद्यांकडे मीही हट्टाने गेले. त्यांनी नातवाला सूनबाईंच्या मांडीवर आडवे केले, बोटाने त्याचा वरचा ओठ उचलला आणि चारही दात आम्हाला दाखवले. मग खालचा ओठ ओढून खालचे समोरचे दात दाखवले. ते स्वच्छ, पांढरेशुभ्र होते, एक ठिपकासुद्धा नव्हता. त्यानंतर त्यांनी चमच्याविषयी नव्हे, तर एवढेच विचारले, “रात्री बाटली तोंडात ठेवून झोपतो का?” कोणीच बोलेना. रोज रात्री साखर घातलेल्या दुधाची बाटली तोंडात ठेवूनच तो झोपत असे, आणि पहाटे रडला की दुसरी मिळत असे. चमचाच दोषी असता, तर त्याने खालचे दात सोडून वरचे चारच कसे निवडले, हा प्रश्न मी तेव्हापासून घरात अनेकदा विचारला आहे आणि त्याचे उत्तर मला कोणी दिलेले नाही.

खरे उत्तर लाळेतच आहे, मात्र सूनबाई म्हणत होत्या त्याच्या नेमके उलट. जिभेखालच्या आणि जबड्याखालच्या लाळग्रंथींची तोंडे खालच्या समोरच्या दातांच्या मागेच उघडतात, त्यामुळे ते दात सतत लाळेत भिजलेले असतात, शिवाय दूध ओढताना जीभ त्यांच्यावर पांघरुणासारखी येते. वरच्या समोरच्या दातांपर्यंत लाळ सर्वांत कमी पोहोचते आणि तेथे साचलेले दूध धुऊन जायलाही वेळ लागतो. त्यातच झोपेत लाळ सुटणे जवळजवळ थांबते. जागेपणी जी चूक लाळ सांभाळून घेते, तीच रात्री दातांना भोवते.

सांभाळून घेते म्हणजे काय, तेही सांगते. रॉबर्ट स्टीफन या संशोधकांनी १९४० च्या दशकात दाखवून दिले की, साखर तोंडात गेल्यावर दातांवरच्या थरातील जंतू काही मिनिटांतच आम्ल तयार करतात. त्या थराचा सामू (आम्लता मोजण्याचा आकडा, तो जितका कमी तितके आम्ल जास्त) साधारण ५.५ च्या खाली गेला की दाताच्या आवरणातले खनिज विरघळू लागते. पुढच्या अर्ध्या ते एक तासात लाळेतील बायकार्बोनेट ते आम्ल शमवते आणि लाळेतीलच कॅल्शियम व फॉस्फेट दातात परत बसू लागतात. म्हणून किती साखर खाल्ली यापेक्षा किती वेळा खाल्ली हे अधिक महत्त्वाचे ठरते. दर अर्ध्या तासाने काहीतरी गोड तोंडात पडत असेल, तर लाळेला दुरुस्तीची उसंतच मिळत नाही. दुधाच्या दातांचे आवरण कायमच्या दातांच्या सुमारे निम्म्या जाडीचे असते, त्यामुळे तेथे पडझड लवकर होते.

आमच्या बाबतीत आणखी एक भर होती, जिच्याकडे कोणाचेच लक्ष नव्हते. नातू नाक चोंदल्यामुळे तोंड उघडे ठेवून झोपत असे आणि त्याला ॲलर्जीचे गोड सिरप रोज रात्री दिले जाई. अशी अनेक औषधे तोंड कोरडे करतात. म्हणजे दात घासून झाल्यावर साखर, आणि वर लाळही कमी. आपल्या बाळाला असे औषध चालू असेल, तर ते परस्पर बंद करू नका, पण ते दात घासण्याआधी देता येईल का आणि बिनसाखरेचे मिळेल का, हे डॉक्टरांना जरूर विचारा.

लाळेच्या तपासणीविषयी थोडक्यात सांगायचे तर, अशा चाचण्या आहेत, पण दोन वर्षांच्या मुलाला मोजपात्रात लाळ गोळा करायला लावून पाहा म्हणजे कळेल. पुढे कीड लागण्याचा सर्वांत भरवशाचा इशारा म्हणजे आधी लागलेली कीड. तोंड सतत कोरडे असेल किंवा मोठ्या आजाराची औषधे चालू असतील तरच तपासणीला अर्थ आहे. त्यापेक्षा आठवड्यातून एकदा ओठ उचलून पाहा. हिरडीलगत खडूसारखी पांढरी रेघ दिसली तर ती कीडच आहे, पण त्या टप्प्यावर ती थांबवता येते. तीन वर्षांखालील मुलाला फ्लोराइडची पेस्ट तांदळाच्या दाण्याएवढी आणि त्यापुढे सहाव्या वर्षापर्यंत वाटाण्याएवढी पुरते. रात्री घासल्यानंतर पाण्याशिवाय काही देऊ नये.

आता चमच्याचेही न्यायाने सांगितले पाहिजे. पेज कॉफील्ड हे दंतसंशोधक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९३ साली मांडले होते की, स्ट्रेप्टोकॉकस म्यूटन्स हा कीड लावणारा जंतू बहुतेक बाळांत १९ ते ३१ महिन्यांच्या दरम्यान, मुख्यतः आईकडून येतो. नंतरच्या अभ्यासांत तो दात येण्यापूर्वीही काही बाळांच्या तोंडात सापडला. हे जंतू घरच्यांच्या लाळेतून जातात यात शंका नाही, परंतु चमचा वेगळा केला तरी पापे घेणारी माणसे त्याच घरात राहतात, आणि साखरेवाचून ते जंतू दाताला फारसे काही करू शकत नाहीत. चमच्याला फाशी आणि बाटलीला माफी, हा आमच्या घरचा न्याय मला कधीच मान्य नव्हता.

बाटलीतली साखर आधी सुटली आणि मग दुधात रोज थोडे पाणी वाढवत तीन आठवड्यांत बाटलीही सुटली. सिल्व्हर डायअमाइन फ्लोराइड हे कीड थांबवणारे औषध दंतवैद्यांनी लावल्यावर कीड थांबली, तिचे डाग मात्र काळेकुट्ट झाले, आणि ते दात पडेपर्यंत सूनबाई फोटो काढताना नातवाला तोंड मिटायला सांगत असत.

एक गोष्ट राहिली. निघताना दंतवैद्यांनी मलाही खुर्चीत बसवले होते. माझ्या दोन किडलेल्या दाढा मी कित्येक वर्षे वेदनाशामक गोळ्यांवर ढकलत होते. “बाळाला भरवणाऱ्या माणसाच्या तोंडात उघडी कीड असली की लाळेत हे जंतू फार असतात,” असे ते म्हणाले. सूनबाई तेव्हा बाहेर पैसे भरत होत्या. पुढच्याच आठवड्यात मी दोन्ही दाढा भरून घेतल्या आणि घरी सांगितले की दुखत होत्या.