परदेशी जावई घरात आणायचाय? आधी हे वाच

अगं, आईबाबांना नुसते फोटो दाखवून काही होणार नाही. त्याला गणपतीच्या चवथीला घरी बोलाव. गणपतीच्या डोक्यावर फळा-पानांची माटोळी बांधताना स्टुलावर उभा राहून सुपाऱ्यांचे घोस वर धरणारा मुलगा आजीच्या मनात भरला, की निम्मं काम झालं. आमच्या गोव्यातल्या फोंड्याच्या घरात माझ्या जर्मन नवऱ्याचं असंच जमलं. मराठी नंतर आली, बांगड्याचे काटे काढणं तर त्याहून उशिरा!

रीतीभाती जमतात गं, कागदपत्रांना मात्र आत्ताच लाग. गोव्यात १८६७ चा पोर्तुगीज नागरी कायदा अजून चालतो. सिव्हिल रजिस्ट्रारकडे दोनदा सही करावी लागते, आणि नुसत्या पहिल्या सहीने लग्न होत नाही. बरेच जण इथेच फसतात. लग्नाआधी वेगळा करार केला नाही, तर मालमत्ता दोघांची निम्मी-निम्मी धरली जाते, मागाहून ते बदलता येत नाही. तेव्हा त्याच्या तिकडच्या फ्लॅटचा विषय आत्ताच काढ, लाज कसली त्यात? परदेशी नवऱ्याला सारखा व्हिसा न काढता इथे राहू देणारं ओसीआय कार्ड मिळायला लग्नाच्या नोंदणीनंतर संसाराची सलग २ वर्षं पूर्ण व्हावी लागतात. तोवर व्हिसाच्या तारखा तूच सांभाळ, त्याच्या भरवशावर राहू नकोस.