लुगडी, लगदा आणि दुधाच्या पिशव्या

जुन्या वस्तूंबद्दल प्रश्न आला की मी आधी एक गोष्ट शोधते: विचारणाऱ्याच्या घरात नेमकं काय लागतंय? ते कळलं की जुन्यातून काय करायचं हे आपोआप ठरतं. ते न ठरवता हाताला मिळेल त्याचं काहीतरी करत बसलं, की कपाटावर धूळ खाणारी आणखी एक वस्तू वाढते. या वेळच्या पाच प्रश्नांत गोधडीला सर्वांत जास्त जागा दिली आहे, कारण हा प्रश्न वर्षभर वेगवेगळ्या गावांतून येत असतो.

*ताई, आईला जाऊन वर्ष झालं. तिची अकरा नऊवारी लुगडी ट्रंकेत आहेत. बहुतेक सुती, तीन इरकली आणि दोन पॉलिस्टरची. आम्ही तिघी बहिणी. गोधड्या शिवाव्यात असं वाटतं, पण लुगड्याला कात्री लावायला हात धजत नाही. एका गोधडीला किती लुगडी लागतील? मशीनवर शिवू की हाताने? — एक वाचक, बार्शी*

कात्री लावूच नका. तिची गरजच नाही. नऊवारी लुगडं साधारण आठ मीटर लांब असतं आणि पन्हा सव्वा वाराच्या आसपास. ते लांबीत दोनदा दुमडा. दोन मीटर लांबीची चौपदरी घडी होते आणि एका माणसाला पांघरायला ती पुरते. काठ दोन्ही बाजूंना आपसूक येतात, पदर वर ठेवला की गोधडीचं तोंडही तयार. आमच्या माणदेशात वाकळा अशाच होत. अख्खं लुगडं दुमडून आत घ्यायचं, कापाकापी फक्त फाटक्याची.

एका गोधडीला दोन लुगडी धरा. एक धड, एक विरलेलं. कोणतं कुठल्या गटातलं हे ओळखायला लुगडं उजेडासमोर धरा. जिथे ताणा-बाणा मोकळा झालाय तिथून उजेड जास्त येतो. मग दोन्ही अंगठ्यांनी त्या जागी हलकेच ताणून पाहा. टरकलं तर ते आतलं. नेसताना कासोटा आणि बसायची जागा आधी विरते, पदराकडचा भाग बराच काळ धड राहतो. धड लुगड्याच्या चौपदरी घडीच्या मधोमध विरलेलं पसरायचं. आतले पदर किती ठेवायचे ते थंडीवर ठरवा. चार पदर घातले तर तुमच्याकडच्या डिसेंबरला पुरेल. दोन घातले तर पावसाळ्यातही अंगावर घेता येईल.

त्याआधी सगळी लुगडी नुसत्या पाण्यात भिजवून, चोळून खळ काढून टाका. खळ राहिली की कसर लागते, आणि गोधडीच्या आत शिरलेली कसर बाहेर काढणं फार अवघड. इरकलींचं वेगळं बघा. त्यांचं अंग सुती असतं, पण लाल पदर रेशमी किंवा कृत्रिम रेशमाचा असतो. पांढरं फडकं ओलं करून त्या लालवर दाबून धरा. फडक्याला रंग लागला तर ते लुगडं पांढऱ्या किंवा फिक्या लुगड्याबरोबर घेऊ नका. मिठाच्या पाण्यात भिजवून रंग पक्का होतो असं पुष्कळजणी सांगतात, त्यावर विसंबू नका. दोन्ही पॉलिस्टरची लुगडी गोधडीत घालू नका. ती घाम टिपत नाहीत, आतल्या आत सरकतात आणि टाके ओढले जातात. त्यांच्या पिशव्या करा किंवा कुणाला नेसायला द्या.

शिवायला जमिनीवरच बसा. फरशी पुसून कोरडी करा, घडी पसरा, चार कोपऱ्यांवर चार वजनं ठेवा. तळहाताने मधून कडेकडे सुरकुत्या सारत न्या. मग मधून सुरू करून सगळीकडे वीतभर अंतराने मोठे कच्चे टाके घालून घ्या. गोधडी वाकडी होते ती बहुतेक वेळा इथे घाई केल्यामुळे. शिवताना चुकलेला टाका उसवता येतो, पण पदर सरकले की गोळा झालेलं कापड गोधडीत जन्मभर राहतं. पक्क्या शिलाईला सुती जाड दोरा, दुहेरी, हातभर लांबीचा. त्याहून लांब घेतला तर गुंततो आणि कापडातून पुन्हा पुन्हा ओढला जाऊन झिजतो. धावदोरा, दोन ओळींत बोटभर अंतर. ओळी सरळ नेल्या तरी चालतात, पण कडेने सुरू करून चौकोनात आत आत येत गेलं की पदर जास्त घट्ट बसतात असं माझं मत. कर्नाटकात यल्लापूर, हल्याळ भागातल्या सिद्दी (मूळच्या आफ्रिकी वंशाच्या) समाजातल्या बायका त्यांची कवंदी, म्हणजे त्यांची गोधडी, अशीच कडेपासून आत शिवत नेतात आणि कोपऱ्यांवर दुमडलेल्या चिंध्यांची त्रिकोणी फुलं लावतात. पाहायला मिळाली तर जरूर पाहा, हातात घेऊन उलटी करून पाहा.

मशीनला माझी हरकत नाही. ज्यांचे गुडघे जमिनीवर बसू देत नाहीत त्यांनी खुशाल मशीन वापरावं. पण विरलेल्या कापडावर बारीक टीप मारली की सुईच्या भोकांची रांग तयार होते आणि कापड नेमकं त्या रेषेत फाटतं. म्हणून टीप मोठी ठेवा, चार मिलिमीटर, आणि दाबपट्टीचा दाब कमी करा. तुमच्या बाबतीत मात्र मी हातानेच शिवा म्हणेन. तिघी एकत्र बसाल असा एखादा आठवडा काढा. गोधडीच्या चारी बाजूंनी बसून शिवता येतं, आणि आईबद्दल जे बोलायचं राहिलंय ते हात कामात असताना जास्त सोपं जातं.

हिशेब असा होतो: पॉलिस्टरची दोन वगळून नऊ उरली, तीन गोधड्यांना सहा. राहिलेल्या तिनांत तिची सर्वांत आवडती असतील ती तशीच घडी करून ठेवा. ट्रंकेत ठेवताना दर दोन-तीन महिन्यांनी घडी बदला, कापड घडीवरच आधी चिरतं. आणि गोधड्या वापरा. नवरात्राच्या आधी घरातली सगळी अंथरुणं-पांघरुणं धुतात त्यात त्याही जाऊ द्यात. पिळू नका, दोघींनी धरून निथळू द्या आणि आडव्या दोरीवर दुपदरी टाका. कुठे टाका तुटला तर तिथल्या तिथे दुसरा घाला.

*दुधाच्या रिकाम्या पिशव्या दोन वर्षं साठवल्या आहेत. पट्ट्या कापून चटई विणतात म्हणे. कशी विणायची? — नाशिक*

विणू नका असं सांगते. ती पिशवी पातळ पॉलिथिनची असते. उन्हात राहिली की कडक होते आणि तिचे कपटे सुटतात. चटई अंगणात टाकली की एक-दोन उन्हाळ्यांत ते कपटे तुमच्या मातीत. त्यापेक्षा धुऊन, वाळवून भंगारवाल्याकडे द्या, स्वच्छ पिशव्या तो घेतो आणि त्या पुन्हा वितळवल्या जातात. पिशवी कापताना कोपरा पूर्ण तोडून टाकू नका, नुसती चीर द्या. तो इवलासा तुकडा कुणीच गोळा करत नाही, थेट गटारात जातो. दहा-बारा पिशव्या ठेवायच्याच असतील तर तळाला भोकं पाडून कढीपत्त्याची, पपईची रोपं करा. रोप जमिनीत लावताना पिशवी फाडून काढायला विसरू नका.

*आजी कागदाच्या लगद्याच्या टोपल्या करायची. मी जुलैत एक केली. वर्तमानपत्रं भिजवली, कणकेची खळ घातली, डब्यावर थापली. पंधरा दिवसांत आतून काळी बुरशी आली. आजीच्या टोपल्यांना कधी आली नव्हती. माझं काय चुकलं? — चिपळूण*

महिना चुकला आणि कणीक चुकली. कोकणातल्या जुलैत तर भिंतही वाळत नाही. आजी हे काम वैशाखात करत असणार, आठवून पाहा. आणि कणकेची खळ म्हणजे बुरशीला आयतं खाणं. तुमच्या आजीने बहुधा मेथ्या घातल्या असतील. मेथ्या भिजवून वाटल्या की त्यांना चिकटा सुटतो, तो कागद बांधून ठेवतो, आणि कडूपणामुळे किडे सहसा तोंड लावत नाहीत. सुपाच्या, रोवळीच्या फटी बुजवायलाही बायका हाच लगदा लावत आल्या आहेत.

पुढच्या एप्रिलसाठी कृती देते. गुळगुळीत, चकचकीत कागद घेऊ नका, तो नीट भिजत नाही. वर्तमानपत्राचे बारीक तुकडे तीन दिवस पाण्यात ठेवा आणि रोज पाणी बदला. अर्धा किलो कोरड्या कागदाला वाटीभर मेथ्या, रात्रभर भिजवून बारीक वाटलेल्या. कागद पिळून मेथ्यांबरोबर वाटा किंवा कुटा, बोटांना कागदाचा तुकडा लागता कामा नये. पातेलं पालथं घालून त्याला तेलाचा हात फिरवा. लगदा थापताना जाडी अर्ध्या बोटाच्या वर जाऊ देऊ नका. बाहेरून वाळलेली आणि आतून ओली राहिलेली जाड भिंत हेच बुरशीचं घर. पहिला दिवस सावलीत, नाहीतर तडे जातात. धरली की पातेल्यावरून सोडवा आणि पुढे चार-पाच दिवस कडक उन्हात, तोंड वर करून. हलकी लागली आणि टिचकी मारल्यावर आवाज टणक आला की झाली. वरून जुन्या सुती कापडाचे तुकडे मेथ्यांच्याच चिकटाने चिकटवा, टोपलीला बळ येतं.

बुरशी आलेली टोपली फेकू नका. अंगणात नेऊन, नाकाला फडकं बांधून, कोरड्या ब्रशने घासा आणि ठेवून द्या. उन्हाळ्यात ती भिजवा, फुगलेली कणीक धुऊन काढा आणि त्याच कागदाचा नवा लगदा करा. या कामातलं मला सर्वांत आवडतं ते हेच, काहीच वाया जात नाही.

एका बाबतीत मात्र आजीचं अनुकरण करू नका. तिच्या टोपलीत पीठ, पोहे राहत असत. छापाईच्या शाईमुळे वर्तमानपत्राचा कागद अन्नाला लागू देऊ नये. देशाच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाने 2018 च्या नियमांत खाद्यपदार्थ वर्तमानपत्रात ठेवायला आणि गुंडाळायला मनाई केली आहे. टोपलीत सुया-दोरे ठेवा, लोकर ठेवा, किल्ल्या ठेवा.

*आमच्या जिल्हा परिषद शाळेत दरवर्षी ‘टाकाऊतून टिकाऊ’ प्रदर्शन असतं. पालक बाजारातून आईस्क्रीमच्या काड्यांची पाकिटं, चमकी, थर्माकोल विकत आणतात आणि वस्तूही बहुधा स्वतःच करतात. प्रदर्शन झालं की सगळं कचऱ्यात. यात काय बदल करू? — एक शिक्षिका, जि. हिंगोली*

बाई, हा प्रश्न विचारलात म्हणून मला मनापासून बरं वाटलं. ज्या काडीवर आईस्क्रीम कधी लागलंच नाही ती टाकाऊ कशी? थर्माकोलच्या सजावटीवर तर 2018 पासून राज्यात बंदी आहे, ते शाळेच्या दारातून आत येताच कामा नये.

दोन अटी घाला. सुई, दोरा आणि घरची खळ सोडून काहीही विकत आणायचं नाही. आणि वस्तू प्रदर्शनाआधी महिनाभर वापरलेली असली पाहिजे. मळलेली, डाग पडलेली वस्तू आली तर तिला गुण जास्त. मुलाने काय केलं, कशाचं केलं, ते कुठे उसवलं आणि त्याने ते कसं दुरुस्त केलं, एवढं त्याने उभं राहून सांगायचं. हे सांगता आलं की वस्तू कुणी केली ते तुम्हाला लगेच कळेल. आईवडिलांना गाठून विचारायची वेळ येणार नाही.

पहिल्या वर्षी सगळ्या वर्गाला एकच वस्तू द्या: बसकर. प्रत्येकाला लागतंच. धान्याचं ज्यूटचं बारदान झटकून, धुऊन, पंधरा इंचांचा चौकोन कापायचा. त्यावर आईच्या जुन्या साडीचे दोन थर, वरून शर्टाच्या पाठीचा भाग. पाठ सहसा विरत नाही, विरते ती कॉलर. खताची किंवा कीटकनाशकाची गोणी मात्र अजिबात आणू द्यायची नाही, धुतली तरी नाही. चौथीच्या वरच्या मुलांना दाभण आणि सुतळी देता येईल, लहानांना जाड सुई आणि मोठे टाके. मुलगेही शिवतील, मुलीही शिवतील. बटण लावायला आणि उसवलेली शिवण सांधायला आली की ती विद्या त्यांच्या जन्माची झाली. मी शिवण शिकवायची तेव्हा माझ्या वर्गातले सर्वांत नेटके टाके एका मुलाचे असत.

*ताई, मी बारावीत आहे. जीन्स गुडघ्यांवर आणि मांड्यांमध्ये फाटली आहे. घरी मशीन आहे. सोपं आणि रोज लागेल असं काय करू? — पिंपरी*

पाण्याच्या बाटलीची पिशवी कर. जीन्सचा गुडघ्याखालचा भाग जवळजवळ नवाच असतो. खालच्या पट्टीपासून साधारण एक फूट मोजून पाय कापून घे. ते कापड आधीच नळीसारखं शिवलेलं आहे आणि खालची दुमड हेच पिशवीचं तोंड, त्यामुळे तुला फक्त कापलेली बाजू शिवायची आहे. उलटी करून टीप मार, मग तळाचे दोन कोपरे तिरके शिव म्हणजे बूड चौकोनी बसेल. मशीनला 16 किंवा 18 नंबरची सुई लाव, साधी सुई जाड शिवणीवर मोडते. शिवण फार जाड असेल तिथे आधी हातोडीने ठोकून चपटी कर आणि चाक हाताने फिरव. पट्ट्यासाठी कमरेची पट्टी जशीच्या तशी उसवून घे, कमी पडली तर दुसऱ्या पायाच्या बाजूची दुहेरी शिवण दोन्हीकडे बोटभर कापड ठेवून कापून जोड. मागचे खिसेही उसवून ठेव. एक पिशवीवर बाहेरून लाव, बसचा पास ठेवायला. दुसऱ्या पायाचं काय करतोस ते मला कळव.