अधिकृत अल्बम आणि यूट्यूब असताना लोक मैफलींची चोरटी रेकॉर्डिंग का जमवतात?

तुम्ही विचारलंय 'बूटलेग'बद्दल, म्हणजे कलाकाराला किंवा कंपनीला न विचारता कार्यक्रमात केलेल्या रेकॉर्डिंगबद्दल. खाली असंही लिहिलंय की आवाज खरखरीत, मध्ये खोकले, दर चार मिनिटांनी कुणीतरी 'वा' करतंय, मग स्वच्छ अल्बम सोडून हे जमवणाऱ्यांचं डोकं ठिकाणावर असतं का? माझ्या घरात अशा साडेचारशे कॅसेटी आणि साठेक स्पूल, म्हणजे मोठ्या उघड्या रिळावरच्या फिती, आहेत. डोक्याबद्दल आमच्या घरच्यांना विचारा, बाकीचं मी सांगतो.

आधी हे सांगतो की हे वेड काही रॉकवाल्यांनी काढलेलं नाही. १९०१ ते १९०३ या काळात न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन ऑपेराचा ग्रंथपाल लायनेल मेपलसन रंगमंचाच्या वर एडिसनचं यंत्र लावून चालू प्रयोगातले दोन-दोन मिनिटांचे तुकडे मेणाच्या नळकांड्यांवर घेत असे. ऐकायला ते भयंकर आहेत, कढईत काहीतरी तळत असल्यासारखे. पण जाँ द रेश्के या त्या काळच्या थोर गायकाचा आवाज आज ऐकू येतो तो त्या तळणातूनच, कारण त्याची दुसरी रेकॉर्ड उरलेलीच नाही. पुढे १९४७-४८ मध्ये डीन बेनेडेटी नावाचा सॅक्सोफोनवाला जाझमधल्या चार्ली पार्करच्या मागे क्लबाक्लबात यंत्र घेऊन हिंडला. तो फक्त पार्करचं वादन घ्यायचा, दुसऱ्याची पाळी आली की यंत्र बंद. १९६९ मध्ये बॉब डिलनची चोरटी एलपी लॉस एंजेलिसच्या दुकानांत आली आणि 'बूटलेग' हा शब्द जगभर झाला. उलट ग्रेटफुल डेड या बँडने १९८४ मध्ये आपल्या कार्यक्रमांत टेपवाल्यांसाठी वेगळी जागाच राखून दिली. विकू नका, वाटा, एवढीच अट.

माझा प्रांत मात्र हिंदुस्थानी गाण्याचा, आणि 'स्वच्छ अल्बम असताना' हा तुमचा मुद्दा तिथे मुळातच लंगडा पडतो. जुन्या ७८ आरपीएमच्या तबकडीवर एका बाजूला तीन-साडेतीन मिनिटं मावत. ज्या गवयाने मैफलीत तोडी दीड तास मांडायची, त्याने ती चहा गार व्हायच्या आत आटपायची. एलपी आली तरी एका बाजूला वीस-बावीस मिनिटंच. अमीर खाँसाहेबांची मारवा आणि दरबारीची एलपी घ्या, एका बाजूला एक राग. रेकॉर्ड सुंदरच आहे, वाद नाही. पण त्यांच्या झुमरा या संथ तालाचं एक आवर्तन, म्हणजे एक फेरा, पाऊण मिनिट, कधी त्याहूनही जास्त घेतं. वीस मिनिटांत अशी आवर्तनं किती बसणार, हिशेब करा. तो माणूस मैफलीत कसा बसायचा, राग कसा उलगडत न्यायचा, हे कळायला कुणीतरी हॉलमध्ये किंवा दिवाणखान्यात लावलेली स्पूलच लागते.

दुसरं असं की राग म्हणजे गाणं नव्हे. सिनेमाचं गाणं एकदा रेकॉर्ड झालं की झालं. माझ्याकडे एकाच गवयाचे अकरा यमन आहेत, पाहुणे म्हणतात अकरा कशाला? अहो, कारण अकराही वेगळे आहेत. एकात गंधारावरच पंधरा मिनिटं काढलीत, एकात तबलजीशी काहीतरी बिनसलंय ते स्पष्ट ऐकू येतं, एक पावसाळ्यातला आहे आणि तंबोरा सारखा उतरतोय. कंपनीने काढला तो यमन म्हणजे पासपोर्टचा फोटो. चेहरा त्याचाच, कान दोन्ही दिसतात, पण माणूस काही असा दिसत नाही.

वेळेचंही आहे. पुण्यात सवाई गंधर्व महोत्सव १९५३ पासून होतोय आणि कित्येक वर्षं तो रात्र-रात्र चालायचा. शाल, थर्मास, मैदानात अंग टाकलेली माणसं, आणि पहाटे चारला कुणीतरी ललत सुरू करायचं. शेवटच्या सकाळी सवाई गंधर्वांची भैरवीतली जुनी रेकॉर्ड लावून सांगता. ध्वनिक्षेपकांवर रात्री दहाची मर्यादा आली आणि मध्यरात्रीनंतरचे राग खुल्या मंडपातून जवळजवळ हद्दपार झाले. आता सायंकाळी सातला कुणी मालकंस गायला तरी मी ऐकतो, माझी काही सोवळ्याची भानगड नाही. पण रात्री दोनला गायलेल्या दरबारीत लोकांची शांतताच निराळी असते, आणि ती टेपवर येते. लांबून एखादी रिक्षा जाते तीसुद्धा येते. त्या टेपा गेल्या तर ती रात्र परत कुठून आणणार?

आता थोडं कारागिरीबद्दल. जमवणाऱ्याचा निम्मा वेळ ऐकण्यात जात नाही, कापसाचा बोळा स्पिरिटमध्ये बुडवून हेड पुसण्यात जातो.

सगळ्यात छळतात ते सेल. रेकॉर्डिंग करताना सेल उतरत गेले की फीत हळू सरकते. तीच फीत पुढे नीट वेगाच्या यंत्रावर लावली की गाणं चढत जातं. बुवा काळी एकमध्ये (पेटीच्या पहिल्या काळ्या पट्टीच्या सुरात) बसलेले असतात आणि पाऊण तासाने काळी दोनमध्ये, तेही कोवळ्या आवाजात. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मला वाटलं होतं की काय तयारी आहे! मग लक्षात आलं, तंबोराही चढतोय. तंबोरा हाच आपला साक्षीदार. त्याच्या षड्जावर बोट ठेवून कॉम्प्युटरवर दोन-दोन मिनिटांनी वेग उतरवत जायचं. टेपरेकॉर्डर घरच्या विजेवर चालवला असेल तर मागे एक बारीक घूं असते. आपल्याकडे वीज पन्नास हर्ट्झची, त्यामुळे ती घूंसुद्धा पट्टी लावायला उपयोगी पडते. लोक जिला दोष म्हणून पुसून टाकतात तीच मला रस्ता दाखवते.

तारखेचं दुखणं वेगळं. फीत महाग होती, म्हणून निवेदक बोलायला लागला की लोक पॉज दाबत. त्यामुळे गाणं राहिलं आणि गाव, तारीख, निमित्त सगळं गेलं. खोक्यावर पेन्सिलीने 'भूप, अप्रतिम' एवढंच. मग आम्ही साथीवरून माग काढत बसतो. पेटी अप्पा जळगावकरांची वाटते, तबला नाना मुळ्यांचा, म्हणजे भीमसेनजींचा अमुक काळ. कुमार गंधर्वांच्या मागे वसंतराव आचरेकरांचा ठेका ओळखू आला की तोही एक काळ ठरतो. या ओळखण्यात जी मजा आहे ती सांगून कळणार नाही. शब्दकोडं सुटल्यासारखं नाही, गर्दीत ओळखीचा माणूस पाठमोरा दिसावा तसं.

आणि ते कॅसेटचं पॅड! हेडसमोर फीत दाबून धरणारा तो चिमुकला चौकोन गोंद सुकून गळतो आणि आवाज एकदम विहिरीत गेल्यासारखा होतो. नवखा माणूस म्हणतो टेप खराब झाली, टाका. टेपला काहीही झालेलं नसतं. पाच स्क्रू काढायचे, दोन्ही रिळं नव्या शेलमध्ये अलगद ठेवायची आणि तेवढा वेळ पंखा बंद. एकदा मी पंखा बंद करायला विसरलो होतो. त्या दिवसाबद्दल लिहीत नाही.

हौस एवढी निर्मळ असती तर बरं झालं असतं. या छंदात हावरटपणाही भरपूर आहे, माझ्यातही. देवाणघेवाण चालते ती चलनासारखी. तुमच्याकडचा मल्लिकार्जुन मन्सूरांचा अनवट राग द्या, मी किशोरीताई आमोणकरांचा सकाळचा देतो. 'मास्टर (म्हणजे मूळ फीत) माझ्याकडे आहे' हे वाक्य लोक सातबारा दाखवावा तसं म्हणतात. माझ्या माहितीतले एक गृहस्थ कुणालाही कॉपी देत नसत, ऐकवतसुद्धा अर्धंच. ते गेल्यावर मुलाने बोलावलं म्हणून गेलो. लोखंडी कपाट, चार पावसाळे बंद. स्पुलांवर बुरशीची पांढरी साय आणि काहींच्या थरांची एकमेकांना चिकटून वडी झालेली. तीसातल्या नऊ वाचल्या. ज्यांनी सढळ हाताने वाटल्या त्यांच्या टेपा आज कुठे ना कुठे जिवंत आहेत, चौथ्या-पाचव्या कॉपीत का होईना.

चोरीचा प्रश्न राहिलाच. निम्म्या टेपा चोरट्या नाहीतच. यजमानांनी बुवांना विचारून, त्यांच्यासमोरच माइक ठेवलेला असायचा. बुवांनी 'घरात ऐकायला' म्हणून मान डोलावलेली. चोरी सुरू होते ती पुढच्या कॉपीपासून. कायदाही साधारण तसंच बघतो. १९९४ च्या दुरुस्तीने कॉपीराइट कायद्यात गाणाऱ्या-वाजवणाऱ्याचे हक्क आले, पण केवळ स्वतःच्या वापरासाठी किंवा प्रामाणिक शिक्षण-संशोधनासाठी केलेलं रेकॉर्डिंग त्याचा भंग ठरत नाही. वाटणं, विकणं, यूट्यूबवर चढवणं ही निराळी गोष्ट. ते बहुतेक सगळे करतात, आणि मी ते ऐकतो. मला साळसूद बनायचं नाही.

गायिका केसरबाई केरकरांना रेकॉर्डिंगचं वावडं होतं हे सर्वश्रुत आहे. व्हॉयेजर या अवकाशयानांवर १९७७ मध्ये गेलेल्या तबकडीत त्यांची भैरवी आहे, साडेतीन मिनिटांची, तीही जुनी व्यापारी रेकॉर्डच. आम्ही जमवणारे हळहळतो की बाईंनी टेप चालू देऊन आणखी दहा तास ठेवायला हवे होते. पण त्यांची बाजू मला वय वाढतंय तशी जास्त पटते. मैफलीत गाणारा माणूस चाचपडतो, एखादी जागा घ्यायला जातो आणि साधत नाही, मग दुसरीकडून येतो. समोर बसलेल्याला ते चालतं, तो त्या रात्रीचा भागीदार असतो. टेपवाला ते कायमचं करून ठेवतो. आणि खरं सांगायचं तर मी जमवतो ते नेमकं त्यासाठीच, त्या चाचपडण्यासाठी. स्टुडिओत पहिलं काय कापलं जात असेल तर तेच. म्हणजे मला जे हवंय तेच गाणाऱ्याला राहायला नको असतं. या पेचातून मला अजून वाट सापडलेली नाही.

माझ्याकडच्या अकरा यमनांतला शेवटचा त्या बुवांच्या सत्तरीतला आहे. नाव सांगत नाही, का ते पुढे कळेल. सुरुवातीला घसा बसलेला, कोमट पाणी मागतात, पेटीवाल्याला म्हणतात 'जरा दमानं'. बढत होत होत निषादापर्यंत येते आणि तार षड्ज काही लागत नाही. दोनदा जाऊन परत येतात. तिसऱ्यांदा निषादावरच थांबतात, इतका वेळ की खोलीतली हालचाल थांबलेली कळते. आणि मग गळा गप्प होतो आणि तो षड्ज तंबोरा देतो. मागे एक म्हातारा आवाज, 'अरे देवा'. मी हे वीस वर्षं लोकांना ऐकवत आलो. बघा, षड्ज न गाता गायला, म्हणून. बुवांचे एक शिष्य एकदा घरी आले होते. त्यांनी ती जागा तीनदा लावायला सांगितली आणि जाताना दारात म्हणाले, "हे बाहेर जाऊ देऊ नका." मी जाऊ दिलं नाही.

गेल्या पावसाळ्यात दुसऱ्या गावच्या एका मित्राने 'दुर्मीळ' म्हणून एक यमन पाठवला. लावला तर तेच कोमट पाणी, तेच 'जरा दमानं'. त्या खोलीत दुसराही टेपरेकॉर्डर होता! माझा माइक तंबोऱ्याजवळ होता, याचा पेटीच्या बाजूला, बुवांच्या अगदी पुढ्यात. ती जागा आली. बुवा गप्प झालेले नाहीत. त्यांनी षड्ज लावलाय, अगदी हलका, आणि किंचित उतरलेला. माझ्या टेपवर तंबोऱ्याने तो झाकून टाकला होता.

मित्राला पावती दिली आणि त्याच्याकडची फाइलही पुढे पाठवू नकोस म्हणून विनंती केली. त्याने अजून उत्तर दिलेलं नाही. माझ्याकडे दोन्ही आहेत. नव्या डबीवर 'यमन, दुसरी प्रत' एवढंच लिहिलंय, आणि तिच्यावर एक रबरबँड.