"ताई, मी तर एजन्सीची"

हे वाक्य माझ्यासमोर बसून किती जणींनी म्हटलं असेल! "कंपनीच्या बायकांना बाळंतपणाची रजा असते हो, आम्ही एजन्सीच्या." म्हणजे काम कंपनीत, पण नेमणूक ठेकेदारामार्फत. सांगण्याचा सूर असा, की चूक जणू त्यांचीच. त्यांतल्या एकीची गोष्ट ओळख पुसून सांगते.

पाचवा महिना. पॅकिंगच्या लाइनवर दिवसभर उभं काम, पगार 16,000. पहिल्या दोन भेटींत ती सासूबद्दल बोलली, उलट्यांबद्दल बोलली. नोकरीबद्दल एवढंच, की ती आता सुटणारच. तिसऱ्या भेटीत पर्समधून चार घड्यांचा कागद निघाला. छापील राजीनामा, तारखेची जागा कोरी. "सुपरवायझर म्हणाले, सही करून ठेव, बाळ झालं की परत घेऊ."

तिथल्या तिथे कायदा सांगायचा मोह मी आवरला. माणूस स्वतःशी जे सारखं बोलत असतो, ते हलल्याशिवाय बाहेरची माहिती आत पोचत नाही, हे इतक्या वर्षांत मला पटलेलं आहे. म्हटलं, "मोठ्याने वाच बरं."

"मी स्वखुशीने..." ती थांबली.

"खुशीने?"

बराच वेळ ती कागदाची घडी नखाने दाबत राहिली. मग म्हणाली, "नाही. मला काम हवंय."

"मला हवंय" हे शब्द तिच्या तोंडून मी पहिल्यांदाच ऐकले. नोकरी जाण्याची भीती होतीच. पण तिच्या बुडाशी "मी कुणाचीच नाही, मग मागू कुणाकडे?" हा समज घट्ट बसला होता. तो त्या क्षणी सैल झाला. मी घाई केली नाही, याचं मला आजही समाधान आहे.

मग मोबाइलमधली पगाराची स्लिप उघडली. कपातीत ईएसआय, म्हणजे कर्मचारी राज्य विमा योजनेची वर्गणी, 120 रुपये. तिला ते "दवाखान्याचे" वाटत होते. ते बाळंतपणाचेही असतात! पगार 21,000 पर्यंत असेल आणि आधीच्या लागोपाठच्या दोन सहामाही वर्गणी-सत्रांत 70 दिवसांची वर्गणी भरलेली असेल, तर पहिल्या दोन बाळंतपणांना 26 आठवड्यांचा पगार ईएसआय देतं. हे पैसे ठेकेदाराच्या खिशातून जात नाहीत, त्यामुळे त्याच्यापुढे हात पसरायचा प्रश्नच नाही. त्याने वर्गणी भरली नसेल, तर मूळ कंपनी जबाबदार असते.

ईएसआय लागू नसेल तर बाळंतपणाच्या पगारी रजेची जबाबदारी मालकावर येते. आधीच्या 12 महिन्यांत 80 दिवस काम भरलं की हक्क लागतो. कायम नोकरीची अट कायद्यात नाही. रोजंदारीवरच्या बायकांबद्दल सुप्रीम कोर्टाने हे 2000 सालीच सांगितलं, आणि 2023 मध्ये दिल्लीच्या एका कंत्राटी डॉक्टरच्या खटल्यात, मध्येच करार संपला तरी लाभ पूर्ण द्यायचा, असा निकाल दिला. गरोदरपणात कामावरून काढलं तरी हा लाभ बुडत नाही.

पण स्वतःच्या हाताने राजीनामा दिलात, की भांडण अवघड होतं. म्हणून कोऱ्या तारखेच्या कागदावर सही नकोच. स्लिपा, हजेरीचे फोटो, सुपरवायझरचे मेसेज जपून ठेवा. अडलंच तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात बायकांना वकील फुकट मिळतो, उत्पन्न कितीही असो.

जाताना तिने पेन मागितलं. राजीनामा उलटा केला आणि मागच्या कोऱ्या बाजूवर रजेच्या अर्जाचा कच्चा मसुदा लिहायला बसली. दोनदा खोडलं. "ताई, 'विनंती' लिहू की 'कळवते' लिहू?" तिने विचारलं, आणि मी उत्तर द्यायच्या आत "कळवते" लिहून मोकळी झाली.