अंगणातले शेजारी : वाचकांचे प्रश्न, आमची उत्तरं

आमच्या सोसायटीच्या जिन्याखाली पांढऱ्या पट्ट्यांचा साप निघाला. वॉचमनने मण्यार म्हणून मारला, नंतर कोणी म्हणालं तो बिनविषारी कवड्या होता. फरक कसा ओळखायचा? (पुणे)

पावसाळ्यात कवड्या अनेकदा मारला जातो, आणि तो मरतो केवळ मण्यारीसारखा दिसतो म्हणून. फरक असा. मण्यारीचा रंग काळा, निळसर झाक असलेला, चकचकीत. तिचे पांढरे पट्टे बारीक, बहुतेकदा जोडीजोडीने, शेपटीकडे ठळक आणि मानेकडे पुसट होत जाणारे. पाठीच्या मधोमध षटकोनी, मोठ्या खवल्यांची एक रांग असते. कवड्या तपकिरी. त्याचे पिवळसर पांढरे पट्टे मानेपासूनच सुरू होतात, पुढे रुंद असतात आणि शेपटीकडे विरत जातात. डोकं चपटं आणि मानेपेक्षा रुंद. पालींच्या मागावर तो खडबडीत भिंतीवरही सरसर चढतो, त्यामुळे दुसऱ्या मजल्यावरच्या बाथरूममध्ये पट्ट्यांचा साप दिसला तर तो कवड्या असण्याची शक्यता जास्त.

आता यातली गोम. मण्यारीच्या पिल्लांना मानेपाशीही स्पष्ट पट्टे असतात, आणि कात टाकायला आलेल्या कुठल्याही सापाचा रंग मळकट दिसतो. शिवाय दिवसा डिवचलं तरी मण्यार बहुधा वेटोळं करून डोकं खाली लपवते, तर कवड्या चटकन चावतो. म्हणजे ‘गरीब’ वाटणारा सापच जास्त घातक. तेव्हा ही लक्षणं साप मारू नये एवढ्यापुरती वापरा, हात लावण्यासाठी नाही.

साप दिसला की आठ-दहा फूट लांब उभं राहून एकाने त्याच्यावर नजर ठेवायची. नजर हटली की तो फटीत जातो आणि मग अख्खी इमारत रात्रभर जागी. दुसऱ्याने झूम करून फोटो काढावा आणि वन विभागाच्या 1926 या क्रमांकावर किंवा नोंदणी असलेल्या सर्पमित्राला फोन करावा. जवळच्या घरांच्या दाराखाली ओलं गोणपाट घट्ट सारावं. फिनेल, कार्बोलिक, लसूण यांनी साप पळत नाहीत. कार्बोलिकने कातडी भाजते, ती लहान मुलांची किंवा सापाची. खरं काम कंटाळवाणं असतं : दाराखालची बोटभर फट रबरी पट्टीने बुजवणं, सांडपाण्याच्या पाइपला जाळी, विटा-फरशांचा ढीग भिंतीपासून हलवणं आणि कचऱ्यावरचे उंदीर कमी करणं.

मण्यारीचा दंश अनेकदा जमिनीवर झोपलेल्या माणसाला होतो. पावसाळ्यात खाट वापरा, मच्छरदाणीच्या कडा गादीखाली खोचा. दंशाच्या जागी सूज-वेदना जवळजवळ नसते. पोटात दुखणं, पापण्या जड होणं, गिळायला त्रास ही लक्षणं नंतर येतात, आणि तोवर वाट पाहणं जिवावर बेततं. कापणं, चोखणं, आवळून बांधणं नको. अंगठ्या-बांगड्या काढा, हात-पाय मोडल्यावर ठेवतात तसा फळीने स्थिर ठेवा, 108 ला फोन करा. साप पकडून नेण्याची गरज नाही : नाग, मण्यार, घोणस आणि फुरसं या चौघांवर एकच प्रतिविष चालतं.

कुंडीतल्या कढीपत्त्यावर हिरव्या अळ्या येतात आणि चार दिवसांत झाड ओकंबोकं होतं. काय फवारू? (ठाणे)

काही नको. या बहुधा लिंबाळी किंवा बहुरूपी फुलपाखराच्या अळ्या आहेत. लहानपणी त्या पक्ष्याच्या विष्ठेसारख्या तपकिरी-पांढऱ्या दिसतात. शेवटची कात टाकल्यावर हिरव्या होतात, आणि तेव्हाच आपल्या डोळ्यांत भरतात, कारण सर्वांत जास्त खाणं याच दिवसांत होतं. पाठीवर हलकं बोट टेकवा : डोक्यामागून दोन टोकांचं लालसर-नारिंगी शिंग बाहेर येतं आणि उग्र वास सुटतो. ते शत्रूला हटकण्यासाठी, माणसाला त्याने काहीही होत नाही.

दोन फुटी झाडावर तीन-चार अळ्या सुखाने जगतात, दहा असतील तर झाडही जातं आणि अळ्याही उपाशी मरतात. मग जादा अळ्या पानासकट कापून लिंबाच्या किंवा बेलाच्या रोपावर ठेवा. चिमटीत ओढू नका, पाय तुटतात. निश्चल बसलेली अळी कात टाकत असते, तिला तर अजिबात हलवू नका. खाल्लेल्या फांद्यांची टोकं छाटा, झाड पुन्हा फुटतं. लिंबाचं एक रोप मुद्दाम ‘त्यांच्यासाठी’ ठेवलंत तर राज्य फुलपाखरू नीलवंतही येऊ शकतं.

नर्सरीतून आणलेल्या रोपावर अळ्या मरत असतील तर ते आधीच फवारलेलं आहे. पानं धुऊन काही आठवडे थांबा, नवी पालवी येऊ द्या. कडुनिंबाचं तेल ‘नैसर्गिक’ असलं तरी अळ्यांना मारतंच. कोषाला बारीक गोल भोक दिसलं तर त्यातून परजीवी गांधीलमाशी बाहेर पडली असं समजा. तोही बागेचाच हिशेब.

उंदरांसाठी ठेवलेल्या ग्लू पॅडवर सापसुरळी चिकटली. सोडवता येते का? (रत्नागिरी)

येते, पण ओढून नाही, कातडी आणि शेपटी दोन्ही जातात. पॅडच्या मोकळ्या भागावर मैदा पसरा, म्हणजे ती पुन्हा चिकटणार नाही. मग इअरबडने गोडेतेल थेंबाथेंबाने चिकटलेल्या कडेला सोडा, मिनिटभर थांबा, मागून पुढे सोडवत न्या. नाकपुड्यांत तेल जाऊ देऊ नका. कोमट पाण्याच्या फडक्याने पुसून सावलीत सोडा. आणि पॅड उघड्यावर ठेवणं बंद करा. उंदरासाठी पिंजराच बरा.

बाल्कनीच्या वायरला शिंजीराचं घरटं लटकलंय आणि इमारतीला रंग लावायचा आहे. घरटं हलवलं तर? (नाशिक)

तर पिल्लं गेली असं समजा. दोन हात लांब टांगलेलं घरटं आई-बापांना सापडेलच याची खात्री नाही. मादी दिवसातला बराच वेळ आत बसू लागली, की साधारण दोन आठवडे उबवणं आणि साधारण तेवढेच पिल्लं वाढवणं. म्हणजे महिनाभर. तेवढी एक बाल्कनी रंगवणाऱ्याने शेवटी घ्यावी, कंत्राटदार कुरकुर करेल पण ऐकतो. घरट्याजवळ सारखं उभं राहून फोटो काढले की कावळ्याला आयताच पत्ता मिळतो. नर काचेवर टोचा मारत असेल तर प्रतिबिंबाशी भांडतोय, बाहेरून वर्तमानपत्र चिकटवा.

बागेत मुठीएवढ्या शंखी गोगलगायी झाल्यात. यांनाही वाचवायचं का? (मुंबई)

नाही. ही आफ्रिकेतून आलेली परकी जात, 2022 मध्ये हिने मराठवाड्यातलं सोयाबीन खाल्लं. संध्याकाळी गुळाच्या पाण्यात भिजवलेली गोणपाटं वाफ्यात पसरा, पहाटे खाली जमलेल्या गोगलगायी हातमोजे घालून वेचा, घट्ट मिठाच्या पाण्यात बुडवा आणि पुरून टाका. मीठ थेट मातीत टाकू नका, झाडं जळतात. त्यांच्या चिकट स्रावातून मेंदूच्या आवरणाला सूज आणणाऱ्या कृमीचा धोका असतो, म्हणून हात साबणाने आणि बागेतली पालेभाजी भरपूर पाण्याने धुवा. विषारी गोळ्या टाळा : त्या कुत्रा खातो, आणि याच गोगलगायी खाणारा भारद्वाज मरतो. कुजक्या पानांखालच्या छोट्या, चपट्या शंखाच्या गोगलगायी मात्र राहू द्या. वाफ्याच्या वरच्या थरात साबुदाण्यासारखी पिवळसर अंडी सापडली तर तीही त्याच बादलीत, कारण एका खेपेला ती शेकड्याने असतात.