वाचक विचारतात : खेळातला हत्ती

प्रश्न : सर्कशीतला हत्ती तंबूमागे उभा असतानाही सारखा डुलत असतो. त्याला गाणी आवडतात का?

उत्तर : नाही. एक पुढचा आणि एक मागचा पाय साखळीने बांधून तासन् तास उभे ठेवले, की चालण्याची गरज डुलण्यातून बाहेर पडते. चाऱ्याची आणि खेळाची वेळ जवळ आली की डुलणे वाढते. दिवसाचा १०० ते १५० किलो चारा दोनदाच न टाकता थोडा थोडा, विखरून आणि उंचावर टांगून दिला, साखळी काढली, की ते कमी होते. मात्र सवय जुनी असेल तर पुढे मोकळे आवार मिळाले तरी ती पूर्ण जाईलच असे नाही.

प्रश्न : हत्तीच्या पायांची निगा एवढी महत्त्वाची का?

उत्तर : पाळीव हत्ती बहुधा पायापासूनच खचतो. हत्ती बोटांवर उभा असतो आणि टाचेखाली चरबीची जाड गादी असते. रोज मैलोगणती चालला की तळवा आणि नखे आपोआप झिजतात. ओल्या, लघवीने भिजलेल्या काँक्रीटवर उभा राहिला की नखे वाढतात, तळव्याच्या खाचांत खडे आणि घाण अडकते. म्हणून रोज पाय धुवायचे, नखांमधल्या फटी ब्रशने साफ करायच्या, कोरडे करून तळवा उजेडात बघायचा. वाढलेले नख आणि तळव्याची मेलेली कातडी दर काही आठवड्यांनी सुरीने व कानशीने थोडीथोडी काढायची. घाईत खोल कापले तर रक्त येते, हत्ती तो पाय टेकत नाही आणि भार दुसऱ्या पायावर जातो. नखाची चीर वर कातडीपर्यंत पोहोचली तर गळू होते. ते हाडापर्यंत गेले, की औषधे फारशी कामाची राहत नाहीत.

प्रश्न : अंकुशाशिवाय हत्ती शिकतो?

उत्तर : शिकतो, आणि चांगला शिकतो. काठीच्या टोकाला चेंडू लावून तो सोंडेजवळ धरायचा. स्पर्श झाला त्याच क्षणी शिट्टी, लगेच फळाचा तुकडा. शिट्टीला उशीर झाला तर हत्ती भलतीच हालचाल शिकतो. मग चेंडू पायाजवळ नेला की तो पाय उचलून जाळीच्या खिडकीत ठेवतो. क्षयरोगाच्या तपासणीसाठी सोंडेत सुमारे ६० मिलिलिटर निर्जंतुक सलाईन घेऊन ते पिशवीत फुंकणेही असेच शिकवता येते. असे नमुने तीन वेगवेगळ्या दिवशी घेतात. सोंड मातीत बुडवून आला असेल तर नमुना वाया जातो. डोक्यावर उभे राहणेही शिकवता येईल, पण शिकवू नये. एरवीही पुढच्या पायांवर निम्म्याहून जास्त वजन असते, त्यात सगळा भार पुढे ढकलायचा म्हणजे सांध्यांची वाट लावणे.

प्रश्न : खेळात हत्तिणीच का जास्त?

उत्तर : नर माजावर येतो. डोळा आणि कान यांच्यामधून स्राव गळू लागतो, लघवी ठिबकत राहते, आणि एरवी ऐकणारा हत्ती रोजच्या माहुतालाही जुमानत नाही. हे काही आठवडे, कधी महिनेही चालते. त्या काळात त्याला रिंगणात आणायचे नसते.