एकाच शोधनिबंधावर प्राध्यापकाची अख्खी कारकीर्द उभी राहते का?

तुम्ही विचारलंय की अमेरिकन समाजशास्त्रज्ञ मार्क ग्रॅनोव्हेटर यांचं नाव जिथे तिथे 1973 सालच्या एकाच शोधनिबंधासाठी घेतलं जातं, तर एका निबंधावर जन्मभराची प्राध्यापकी निभते का? आणि सोशल नेटवर्कवर संशोधन करायचं तर कोडिंग यायलाच हवं का?

निभत नाही, आणि त्यांचीही निभलेली नाही. निबंध बरेच आहेत, प्रश्न मात्र एकच आहे: माणूस जे करतो ते त्याच्या स्वभावामुळे किती, आणि तो कोणाकोणाला ओळखतो त्यामुळे किती? मी समाजशास्त्र शिकवतो, आणि इतका चिवटपणे एकाच प्रश्नाला धरून बसलेला संशोधक मला दुसरा चटकन आठवत नाही. (इथे सोशल नेटवर्क म्हणजे फेसबुक वगैरे नव्हे, माणसांमधलं ओळखीपाळखीचं जाळं. हा अभ्यास इंटरनेटच्या कितीतरी आधीचा आहे.)

प्रिन्स्टनमधून पदवी घेऊन ते हार्वर्डला पीएचडीसाठी गेले. तिथे हॅरिसन व्हाइट शिकवत होते. व्हाइट यांनी आधी भौतिकशास्त्रात डॉक्टरेट केली आणि मग समाजशास्त्रात दुसरी. त्यांच्या हाताखालून नेटवर्क अभ्यासकांची एक पिढीच तयार झाली.

पीएचडीसाठी ग्रॅनोव्हेटर यांनी घेतलेला विषय ऐकायला अगदी साधा आहे: लोकांना नोकरीची खबर कुठून लागते? बॉस्टनजवळच्या न्यूटन गावात नुकतीच नोकरी बदललेल्या 282 पुरुषांकडून त्यांनी माहिती गोळा केली. सगळे व्यावसायिक, तांत्रिक किंवा व्यवस्थापकीय कामातले. त्यातल्या 100 जणांना ते समक्ष भेटले, बाकीच्यांकडून टपालाने प्रश्नावली भरून घेतली. निम्म्याहून जास्त लोकांना नोकरी ओळखीतूनच लागली होती. त्यात नवल काही नाही. पण ज्याने खबर दिली तो माणूस त्या काळात किती वेळा भेटायचा, हे त्यांनी विचारलं. समक्ष भेटलेल्यांतल्या, ओळखीतून नोकरी लागलेल्या 54 जणांपैकी आठवड्यातून दोनदा किंवा जास्त भेटणाऱ्याकडून खबर मिळालेले 16.7 टक्के, अधूनमधून भेटणाऱ्याकडून मिळालेले 55.6 टक्के, आणि वर्षातून एकदा किंवा त्याहूनही कमी भेटणाऱ्याकडून मिळालेले 27.8 टक्के. कोणी सांगितलं, मित्राने का, असं विचारलं की लोक पुन्हा पुन्हा त्यांना दुरुस्त करत: मित्र नाही हो, नुसती ओळख.

54 म्हणजे नमुना काही मोठा नाही, आणि त्यावर टीकाही झाली. 1973 च्या निबंधात हेच आकडे आहेत, पण त्याचं बळ आकड्यांपेक्षा त्यामागच्या तर्कात आहे. माझे दोन जिवलग मित्र असतील तर त्यांची एकमेकांशी निदान तोंडओळख असतेच. म्हणजे घट्ट मैत्री माणसांना एकाच घोळक्यात ठेवते, आणि त्या घोळक्यात जे एकाला ठाऊक ते सगळ्यांना ठाऊक. दोन वेगळ्या घोळक्यांना जोडणारा दुवा असला तर तो सैल ओळखीचाच असणार. नवी बातमी येते ती त्याच वाटेने.

हाच निबंध 1969 मध्ये एका नामांकित नियतकालिकाने नाकारला होता. तेव्हा त्याची मांडणी शहरी माणसाच्या परात्मतेच्या, म्हणजे समाजापासून तुटलेपणाच्या, जुन्या वादात अडकलेली होती. तो भाग बाजूला सारून नव्याने लिहिलेला निबंध 1973 मध्ये 'अमेरिकन जर्नल ऑफ सोशिऑलॉजी'त आला. तेव्हा ते जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात होते.

पुढचं काम लोक विसरतात, आणि मला तेच जास्त आवडतं. 1978 च्या निबंधात त्यांनी दंगलीचं गणित मांडलं. चौकात 100 माणसं आहेत. पहिला कोणाचीच वाट न पाहता दगड मारेल. दुसरा एकाने मारलेला पाहिला तर मारेल, तिसरा दोघांनी मारलेला पाहिला तर, असं करत शंभरावा 99 जणांनंतर. परिणाम: शंभरही जण दंगलीत. आता फक्त दुसऱ्या माणसाचा उंबरठा, म्हणजे किती जणांनी मारल्यावर तो मारेल तो आकडा, एकावरून दोनवर न्या. पहिला दगड मारतो आणि पुढे कोणीच हलत नाही. गर्दी जवळपास तीच, पण एका ठिकाणी बातमी दंगलीची आणि दुसऱ्या ठिकाणी एका माथेफिरूची. वर्गात हे फळ्यावर मांडलं की आधी कोणालाच पटत नाही, मग सगळे वहीत आकडे मांडायला लागतात.

1985 मध्ये ते अर्थशास्त्रज्ञांकडे वळले: बाजारातले व्यवहारही नात्यांत रुतलेले असतात, कराराचा कागद नुसता पुरत नाही. त्यातून 'नवं आर्थिक समाजशास्त्र' ही शाखा फोफावली. मधल्या वर्षांत हार्वर्ड, स्टोनी ब्रूक, नॉर्थवेस्टर्न असे मुक्काम झाले आणि 1995 पासून स्टॅनफर्ड. मोठं पुस्तक आलं थेट 2017 मध्ये. दरवर्षी किती निबंध छापले हे मोजणाऱ्या आजच्या व्यवस्थेत नोकरी टिकवणं त्यांना जड गेलं असतं असं मला वाटतं, पण हे माझं मत.

आता कोडिंग. मूळ कल्पनेची मोठी प्रायोगिक तपासणी 2022 मध्ये 'सायन्स'मध्ये आली. लिंक्डइनवर 'तुमच्या ओळखीचे असू शकतील' म्हणून जी नावं सुचवली जातात, त्यांत फेरफार करून 5 वर्षांत 2 कोटी वापरकर्त्यांवर प्रयोग झाले. सैल ओळखी नोकरी मिळायला खरंच जास्त उपयोगी पडतात असं दिसलं, फक्त अतिसैल नव्हे, मध्यम सैल. असलं काम कोडिंग आणि संख्याशास्त्राशिवाय होत नाही, त्यामुळे आज या क्षेत्रात शिरायचं तर दोन्ही शिकाच. पण त्या प्रयोगात जे तपासलं तो प्रश्न मुलाखती आणि टपालातल्या प्रश्नावल्यांतून आला होता. वाचायला 1978 च्या निबंधापासून सुरुवात करा. पहिली काही पानं बेरीज-वजाबाकी येणाऱ्यालाही समजतात, 1973 चा त्यानंतर घ्या.